पेपरवर नाव नको

अगं, काल तुझा मेसेज वाचला. सोमवारपासून सत्तरी तालुक्यातल्या हायस्कुलांत एचआयव्हीचा सर्व्हे घ्यायचाय आणि नववीची पोरं खरं लिहितील का म्हणून विचारतेस. लिहितात गं, पण सर वर्गाबाहेर असले तरच. माझ्या पहिल्या वर्षी सर रांगांमधून फिरत होते, मी काहीच बोलले नाही, घरी येऊन पेपर बघते तर अख्ख्या वर्गाची सगळी उत्तरं "नाही". फुकट गेला तो वर्ग, चूक माझीच. सरांना गोड बोलून चहाला पाठव, पण पाठवच.

नाव नको, रोल नंबर नको, एखादा प्रश्न सोडला तरी चालतो, हे आधी मोठ्याने सांग. पेपर पोरांनीच पेटीत टाकायचा, तू हातात घ्यायचा नाही. डब्ल्यूएचओचा 13 ते 17 वयाच्या मुलांचा शाळेतला सर्व्हेसुद्धा असाच बिननावी असतो.

नावाचा मी एवढा हट्ट का धरते, तर आपल्या गोव्यातच काय झालं बघ. 1989 साली डॉमिनिक डिसोझा, म्हापशाच्या बाजूचा तरुण, नेमाने रक्तदान करायचा, त्याच रक्तात एचआयव्ही सापडला आणि त्याला नीट काही सांगायच्या आधी पोलीस घेऊन गेले, जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये 64 दिवस एकट्याला कोंडलं, कारण तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात तसं कलमच होतं. पुढे त्याने पॉझिटिव्ह पीपल संस्था उभी केली आणि 1992 मध्येच गेला. आता 2017 चा एचआयव्हीचा कायदा आहे, संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, कुणाचा रिपोर्ट फोडता येत नाही. पोरांना हे सांग. हाडं दिसणाऱ्या पेशंटचे फोटो मात्र दाखवू नकोस, घाबरलेला माणूस टेस्टला जातच नाही.

सर्व्हे झाला की पोरांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या घे. डास चावून एचआयव्ही होतो का, एका ताटात जेवून होतो का, हे येणारच, दोन्हीला सरळ नाही म्हण. बीचवरच्या टॅटूचं विचारतील, तिथे सुई नवी हवी हे नीट समजव. कंडोम शब्द आला की आवाज खाली नेऊ नकोस, तुझा आवाज पडला की पोरं खिदळतात आणि पुढचं काही ऐकत नाहीत.

आणि एखादी चिठ्ठी अशी येईल की माझ्या बाबांना आहे, मी काय करू. ती वर्गात वाचू नकोस. फळ्यावर सगळ्यांसाठी 1097 लिही, फुकट हेल्पलाइन आहे म्हणून सांग, आणि शाळा सुटल्यावर थोडा वेळ गेटजवळ थांब.