हंसांच्या शिकारीला गेलेलं पोर शिकतं काय?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या वर्गातला क्री, म्हणजे कॅनडातल्या एका मूलनिवासी समाजातला, मुलगा दर मे महिन्यात आजोबांसोबत हंसांच्या (रानटी गूस) शिकारीला जातो, शाळा बुडते, मग त्यात तो शिकतो काय?

मी कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तरेला, जेम्स उपसागराकाठच्या चिसासिबीला शिकवायला होते. तिथे शाळा बुडतच नाही, कारण त्या दिवसांत क्री शाळांना रीतसर सुट्टी असते. शरदात मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी पुन्हा. क्री आणि सरकार यांच्यातल्या १९७५ च्या जेम्स बे करारामुळे शाळा क्रींच्या स्वतःच्या बोर्डाकडे आल्या.

शिकणं मात्र शाळेच्या कितीतरी आधी सुरू होतं. नुकतं चालायला लागलेल्या मुलाला घराबाहेरच्या जमिनीवर पाऊल टाकू देत नाहीत, कडेवरच ठेवतात. मग एके दिवशी सूर्योदयाला सगळे तंबूत जमतात. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या डहाळ्या अंथरलेल्या वाटेवरून बाळ बाहेर येतं. मुलाच्या हातात खेळण्यातली बंदूक, मुलीच्या हातात चिमुकली कुऱ्हाड. झाडाला फेरी मारायची, परत यायचं आणि शिकार किंवा सरपण वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायचं. आपल्या उष्टावणाइतकंच कौतुक, मागून जेवणावळ. ती मुलगा-मुलगी वाटणी मला खटकायची, पण मोठेपणी बंदूक चालवणाऱ्या मुलीही तिथे आहेत.

शिकारीच्या तळावर प्रत्येक पोराला काम असतं. डहाळ्या आणून तंबूत अंथरायच्या, पिसं काढायची. हंस भाजतात तो दोरीला टांगून, विस्तवाशेजारी. दोरीला पीळ दिला की हंस गरगर फिरतो, पीळ संपला की थांबतो. तो थांबू न देणं हे लहानग्याचं काम, खाली तव्यात चरबी ठिबकत असते. हे करता करता कानावर पडतं, की अंधार पडल्यावर बार काढायचा नाही, एकाच जागी रोज शिकार करायची नाही, नाहीतर हंस ती जागा सोडतात. हे आजोबा सांगतात ते त्यांच्या घराण्याच्या शिकारक्षेत्रात उभं राहून. ही खाडी, तो उंचवटा, इथे पणजोबांचा तळ. म्हणूनच ला ग्रांद नदीवरच्या धरणांनी ज्यांची क्षेत्रं बुडवली, त्या घरांचं नुकसान भरपाईत मोजता येत नाही.

मुलीला सांगा, तो परतला की किती हंस पाडले ते विचारू नकोस, आयुष्यातला पहिला हंस कुणाला दिलास ते विचार. तो पहिला मान सहसा घरातल्या थोरांचा असतो, आणि मुलं ते मोठ्या अभिमानाने सांगतात.