१७ इंच हे तुमचं माप झालं, घोडीचं कुठंय?

तुमची घोडी मारवाडी, सहा वर्षांची, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. आधी गुणी होती, आता खोगीर दिसलं की कान पाडते आणि तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला वळते. खोगिराखाली जाड नमदा (गादीसारखं कापड) वाढवूनही फरक नाही, म्हणून १७ इंची नवं खोगीर कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. घोडं पेंड खातंय ते इथेच. १७ इंच हे तुमच्या बैठकीचं माप. घोडीच्या पाठीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

मीही हेच केलं होतं. माझा पहिला घोडा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाचा. दुकानात लाकडी घोडीवर ठेवलेल्या खोगिरावर बसून पाहिलं, मला झकास बसलं, घेतलं. रपेटीनंतर खोगीर उतरवलं की सगळी पाठ घामानं भिजलेली आणि दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन कोरडे डाग. मला वाटायचं, चला, तिथे तरी त्रास नाही! खरं तर तिथे दाब इतका होता की घामच फुटत नव्हता. काही महिन्यांनी त्याच जागी पांढरे केस आले. ते आजही तसेच आहेत, खरारा करताना रोज दिसतात.

म्हणून खरेदी थांबवा आणि आधी पाठ तपासा. बोटांची टोकं दाबत मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मागे न्या. कुठे घोडी पाठ खाली सोडते, कातडी थरथरवते, कुठे सूज किंवा ऊब लागते ते बघा. पाठ लागली असेल तर ती पूर्ण बरी होईपर्यंत मांड टाकायची नाही, नुसतं हातात धरून फिरवा. पशुवैद्याला एकदा दाखवाच. तंगावर चिडणाऱ्या घोड्याला कधी कधी पोटात अल्सर असतो, आणि आपण उगाच खोगिराला शिव्या देत बसतो.

मग माप. हार्डवेअरच्या दुकानातून जाड, वाकवली की तशीच राहणारी तार आणा. घोडी सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभी हवी, मान खाली चाऱ्यात नको. खांद्याचं हाड जिथे मागे संपतं तिथून साधारण ५ सेंटीमीटर मागे, पाठीवरून आडवी तार दाबून बसवा आणि तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापा. हा पुठ्ठा घेऊन दुकानात जा. नुसतं ‘मिडियम’ रुंदीचं म्हणाल तर प्रत्येक कारागिराचं मिडियम वेगळं. आपल्याकडचं बरंचसं इंग्लिश खोगीर कानपूरहून येतं आणि तिथला पुष्कळ माल परदेशी, रुंद घोड्यांच्या हिशेबानं बनतो. मारवाडी घोडं छातीला अरुंद आणि विदर्सला, म्हणजे मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याला, चांगलं उठलेलं.

आता हातातलं खोगीर नमद्याशिवाय ठेवून बघा. थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेनं मागे सरकवा, जिथे आपोआप थांबेल ती त्याची जागा. आपल्याकडे सर्रास खांद्याच्या हाडावर चढवतात, मग घोडं पाऊल आखडतं टाकतं. पुढचा कमानीचा भाग विदर्सवर टेकला तर आतला सांगाडा रुंद आहे. उलट पुढून उचललेलं, मागे कललेलं दिसलं तर तो अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंनी चिमटा काढतोय. हा फरक नीट समजून घ्या, कारण रुंद खोगिराला पुढे पातळ पट्टी देऊन थोडे दिवस निभावता येतं, अरुंद खोगिराखाली जाड नमदा घालणं म्हणजे बूट चावतो म्हणून दोन मोजे चढवणं. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी, म्हणजे खोगीर अरुंद असण्याची शक्यता जास्त वाटते, पण पुठ्ठा लावल्यावर कळेल.

नंतर खोगिराखाली तळहात सपाट सरकवा, पुढून मागे. मधेच हात मोकळा पडला आणि मागे पुन्हा घट्ट झाला तर खोगीर फक्त दोन टोकांवर टेकतंय, सगळं वजन तिथेच. खालच्या दोन गाद्यांमधली, मणक्यावर येणारी मोकळी पन्हळ टोकापासून टोकापर्यंत ३-४ बोटं रुंद हवी. शेवटच्या बरगडीच्या मागे खोगीर जाता कामा नये. ही बरगडी बोटानं चाचपून खडूनं खूण करा. मग तुम्ही बसा आणि कमानीखाली दुसऱ्याला बोटं घालायला सांगा. २-३ बोटं जायला हवीत. रिकाम्या खोगिरावर घेतलेलं हे माप फसवं असतं.

जुनं घेणार असाल तर पुढचं-मागचं टोक धरून पोटाशी दाबून बघा. मधून वाकलं किंवा कुरकुरलं तर सांगाडा तुटलाय, फुकट दिलं तरी नको. खालच्या गाद्या दाबा, गाठी लागतात का बघा. आपण ‘खोगीरभरती’ म्हणून हिणवतो, पण खऱ्या खोगिरात सगळा जीव त्या भरतीतच असतो. लोकर वापरून दबते, वर्षातून एकदा तरी उघडून सारखी करावी लागते. हे काम जाणणारा जीनगर आता शोधावा लागतो, सापडला तर त्याचा नंबर जपा.

बजेट कमी असेल तर गलेट, म्हणजे पुढची रुंदी ठरवणारी कमान, बदलता येणारं सिंथेटिक खोगीर घ्या, बुरशीचीही कटकट नाही. कातड्याचा रुबाब नाही, हे खरंय. पण पावसाळ्यानंतर हिरव्या चाऱ्यानं घोडी भरते आणि मे महिन्यात पुन्हा उतरते, तेव्हा ते बदलता येणं फार उपयोगी पडतं. माझ्या दाणाखोलीच्या दारामागे एकाच घोड्याचे ३ पुठ्ठे टांगलेत, प्रत्येकावर तारीख. एकमेकांवर ठेवले तर मे आणि ऑक्टोबरमध्ये बोटभर फरक निघतो.