मटला कंट्रोल-झेड मारून गेलात की तो मेल आणत बसत नाही, झोपतो

तू विचारलंस की मटमध्ये (टर्मिनलमध्ये चालणारा मेल प्रोग्रॅम) कंट्रोल-झेड मारून शेलवर (जिथे कमांड टाईप करतो तिथे) येतो, मग बीजी (थांबलेला प्रोग्रॅम मागे चालू करायची कमांड) केलं तरी तो परत 'स्टॉप्ड' का दाखवतो. अरे, बीजीने मट मागे चालतच नाही. कंट्रोल-झेडने त्याला सिगटीएसटीपी सिग्नल जातो आणि तो जागच्या जागी थांबतो, बीजीने उठतो खरा पण त्याला स्क्रीन आणि कीबोर्ड लागतो, तो टर्मिनल तर आता शेलच्या हातात, म्हणून हात लावायला गेला की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) त्याला परत थांबवतो. सरळ एफजी कर, म्हणजे तो परत समोर येतो. तीनचार जॉब (शेलमधून सुरू केलेले प्रोग्रॅम) असतील तर आधी जॉब्स कमांडने यादी बघ आणि एफजी %२ असं नंबर देऊन बोलाव.

पण खरी गोम आयमॅपची (सर्व्हरवरच्या मेलबॉक्सशी बोलायची पद्धत) आहे. मट चालू असताना दर ३०० सेकंदांनी सर्व्हरला 'मी आहे' म्हणून कळवत असतो, झोपला की ते बंद, आणि सर्व्हर कधीतरी कनेक्शन तोडतोच. मी एकदा फोंड्याला घरी बसून चाळीसेक मेल डी दाबून डिलीटला लावले, तेवढ्यात बाहेर पदेराचा भोंपू वाजला, कंट्रोल-झेड मारून पाव घ्यायला गेलो, शेजाऱ्याशी गप्पा, मग जेवण, दोनेक तासांनी एफजी केलं तर मेलबॉक्स बंद आणि सगळ्या खुणा गायब, परत पहिल्यापासून. तेव्हापासून आधी $ दाबून सिंक (केलेले बदल सर्व्हरवर लागू), मगच झेड. अर्धवट मेल लिहीत असशील तर पोस्टपोन कर (मसुदा म्हणून ठेव), तसाच लटकत ठेवू नको.

एखादीच कमांड चालवायची तर झेडही नको, मटमध्येच ! दाबून चालव.

दुसरं म्हणजे मट झोपलाय हे विसरून लोक दुसरा मट उघडतात (मीही). बॅश या शेलच्या प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाईप करायच्या जागेआधी दिसतो तो मजकूर) \ आणि त्याला चिकटून लहान रोमन जे टाक, थांबलेले धरून किती जॉब आहेत तो आकडा कायम समोर दिसतो.

आणि एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर लॉगिन करून) वापरत असशील तर हे सगळं सोड आणि टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) मट चालव. पावसात आमच्याकडे लाईट गेली की राउटर गेला, राउटर गेला की सेशन गेलं, मग सिगहप (टर्मिनल तुटल्याचा सिग्नल) येतो आणि झोपलेला मटही त्यात जातो. टीमक्समध्ये तो सर्व्हरवर जागाच राहतो, लाईट आली की अटॅच करायचं.