साथ करायला शीक

प्रिय मुला,

तुझं पत्र वाचलं. परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला नाही म्हणून तू महिनाभर गिटारला हात लावला नाहीस. वाईट वाटलं मला.

तुला जॅझ गिटारवादक लुई स्टुअर्टबद्दल सांगायचं होतंच. जन्म १९४४चा, आयर्लंडमधल्या वॉटरफर्डचा, वाढला डब्लिनमध्ये. लेस पॉल आणि बार्नी केसेल या अमेरिकन गिटारवादकांच्या रेकॉर्ड ऐकून बराचसा आपला आपणच शिकला. सुरुवातीला शोबँडमधून नाचाच्या हॉलमध्ये वाजवलं. १९६८ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो जॅझ महोत्सवात युरोपातला उत्कृष्ट सोलो वादक ठरला. बॉस्टनच्या बर्कली या संगीत कॉलेजची शिष्यवृत्तीही देऊ केली होती, ती त्यानं नाकारली.

पण यावरून ‘कॉलेज नकोच’ असा सोयीचा अर्थ काढू नकोस. तो इंग्लिश सॅक्सोफोनवादक टबी हेजबरोबर वाजवत होता, अमेरिकन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या युरोप दौऱ्यांवर गेला, पुढे लंडनच्या सॅक्सोफोनवादक रॉनी स्कॉटच्या बँडमध्ये राहिला. त्याचं शिक्षण अशा माणसांच्या शेजारी बसून झालं. तू मात्र अजून खोलीत एकटाच वाजवतोस.

१९७७ साली पियानोवादक जॉर्ज शिअरिंगबरोबर त्यानं केलेली रेकॉर्डिंग ऐक. पियानो, गिटार आणि नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसनचा डबल बास, ड्रम नाहीत. पियानो आणि गिटार दोन्ही कॉर्डची, म्हणजे अनेक स्वर एकदम वाजवायची वाद्यं, एकाच जागेत घुसली की नुसता चिखल होतो. सोलो चालू असताना ऐकू नकोस, तो कुणीही ऐकतो. शिअरिंग वाजवत असताना लुई काय करतो ते ऐक. कुठे दोनच स्वरांची कॉर्ड, कुठे लय धरून बसणं, कुठे हात पूर्ण उचललेला. ही संगत मला त्याच्या वेगापेक्षा मोठी वाटते, आणि वेग तर असा की बोटं दिसू नयेत. त्याच वर्षीच्या ‘आउट ऑन हिज ओन’ या अल्बममध्ये वाजवणारा तो एकटाच आहे. तेही ऐक, पण नंतर.

एवढं जग फिरून त्यानं घर डब्लिनलाच ठेवलं, तिथल्या पबमधून वाजवत राहिला. ट्रिनिटी कॉलेजनं १९९८ साली त्याला मानद डॉक्टरेट दिली. २०१६च्या ऑगस्टमध्ये तो गेला.

रविवारी ये. माझा एक पियानोवाला मित्र येणार आहे. त्याच्याबरोबर तू तासभर फक्त साथ करायचीस. खर्जातल्या दोन जाड तारांना हात लावायचा नाही, ती जागा त्याच्या डाव्या हाताची. आणि तारा बदलून आण, महिनाभरात गंजल्या असतील.

तुझा,
सर