कीटोनची मोजणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रुग्णाच्या लघवीत कीटोन (शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारी संयुगे) तपासायची पट्टी जेमतेम जांभळट होते, पण त्याच वेळच्या सीरममध्ये (रक्तातल्या पेशीविरहित द्रवात) बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे कीटोन ५ मिलिमोल प्रति लिटर येते. कोणते खरे?

उत्तर : दोन्ही खरी, पण मोजलेल्या वस्तू वेगळ्या. पट्टीवरचे नायट्रोप्रुसाइड हे रसायन अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट या दुसऱ्या कीटोनशी रंग देते. सोबत ग्लायसिन असेल तर अ‍ॅसिटोनशीही थोडाफार. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट त्याला दिसतच नाही. एरवी बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट यांचे प्रमाण साधारण सारखे असते, मधुमेही कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (कीटोन साचून रक्ताची आम्लता वाढते तेव्हा) मात्र बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटच्या तिपटीवर जाते, कधी दहापटही. जे सर्वांत जास्त साचते, नेमके तेच पट्टीतून निसटते. इन्सुलिन सुरू झाल्यावर त्याचे अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट होऊ लागते. मग रुग्ण सुधारत असताना पट्टी आणखी गडद होऊ शकते आणि उपचार फसल्याचा गैरसमज होतो. म्हणून उपचाराचा मागोवा रक्तातल्या बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटवरच घ्यावा, असे आमचे ठाम मत आहे. कॅप्टोप्रिल, मेस्ना यांसारख्या मुक्त सल्फहायड्रिल गट असलेल्या औषधांनी पट्टीवर खोटा रंग येतो. डबी उघडी राहून पट्ट्या दमट झाल्या, तर असलेला कीटोनही दिसत नाही.

प्रश्न : बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजायच्या एन्झाइम पद्धतीसाठी वजन करून १ मिलिमोल प्रति लिटरचे स्टँडर्ड (ज्ञात प्रमाणाचे द्रावण) बनवले. ३४० नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचे वाचन अपेक्षेच्या बरोबर निम्मे येते. एन्झाइम खराब झाले असेल का?

उत्तर : आधी बाटलीवरचे लेबल वाचा. तिथे ‘डीएल’ (आरशातल्या प्रतिमेसारख्या डी आणि एल रूपांचे मिश्रण) असेल तर उत्तर तिथेच आहे. या पद्धतीतले एन्झाइम, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट डिहायड्रोजनेज, फक्त डी-रूपावर काम करते, आणि डीएल मिश्रणात ते निम्मेच असते. डीएल सोडियम मिठाचे १२.६ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये विरघळवले, तर एकूण १ मिलिमोल प्रति लिटर होते, पण मोजता येण्याजोगे अर्धेच. त्यामुळे २५.२ मिलिग्रॅम घ्या.

पडताळा हाताने करता येतो. ९५० मायक्रोलिटर रिएजंटमध्ये ५० मायक्रोलिटर स्टँडर्ड घातले की ते २० पट पातळ होते. क्युवेट १ सेंटिमीटरचा, अभिक्रियेत एनएडी या सहघटकापासून बनणाऱ्या एनएडीएचचा शोषणगुणांक ६.२२, म्हणजे १ मिलिमोल डी-रूपाला शोषण ०.३११ ने वाढायला हवे. डी-रूपाचे स्टँडर्ड वापरूनही आकडा कमी पडला, तर पीएच तपासा. उदासीन पीएचला अभिक्रियेचा कल उलट दिशेने असतो. ती पूर्णत्वाकडे न्यायची तर पीएच ८.५ च्या वर, भरपूर एनएडी, आणि शक्यतो तयार होणारे अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट अडकवून ठेवायला हायड्राझीन लागते. हायड्राझीन विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालून धूरकपाटातच काम करा. एनएडी अल्कधर्मी द्रावणात टिकत नाही, ते वेगळे थंड ठेवून ऐनवेळी मिसळावे.

प्रश्न : स्टँडर्डचे वाचन थोड्या वेळाने स्थिर होते, पण काही नमुन्यांत वाचन चढतच राहते.

उत्तर : नमुना लालसर आहे का? तसे असेल तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत, आणि त्यांत लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम मुबलक असते. नमुन्यातल्या लॅक्टेटपासून ते त्याच एनएडीचे एनएडीएच करते आणि तो आकडा कीटोनच्या नावावर जमा होतो. लॅक्टेट जास्त असलेल्या रुग्णांत ही चूक लहान नसते. रिएजंटमध्ये ऑक्सॅमेट किंवा ऑक्झलेट घालून ते एन्झाइम रोखतात. शिवाय प्रत्येक नमुन्याचा दुसरा क्युवेट बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट डिहायड्रोजनेज न घालता लावा आणि त्यातली वाढ वजा करा. रिएजंटचा एकच ब्लँक (नमुन्याविना घेतलेले वाचन) इथे पुरत नाही.

प्रश्न : दोन्ही कीटोन मोजायचे असतील तर नमुना कसा साठवावा?

उत्तर : बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट टिकाऊ आहे. अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट मात्र आपोआप कार्बन डायऑक्साइड सोडून अ‍ॅसिटोन होते, त्यामुळे घाई त्याच्यासाठी. रक्त लगेच बर्फासारख्या थंड परक्लोरिक आम्लात मिसळा, सेंट्रिफ्यूज करून वरचे द्रव काढा, पोटॅशियम कार्बोनेटने थेंबाथेंबाने उदासीन करा (फेस येतो, घाई केली तर नमुना उतू जातो). बर्फावर बसणारा पांढरा साका पोटॅशियम परक्लोरेटचा. तो टाकून द्या. मोजणी त्याच दिवशी करा, नाहीतर उणे ८० अंशाला ठेवा. आम्ल आणि कार्बोनेटने वाढलेले आकारमान हिशेबात धरायचे राहून गेले, तर सगळेच आकडे कमी येतील.