कर्ज फिटल्यावर येणारी पॉलिसी

जुळे सोलापुरातून एका वडिलांचं पत्र आलंय. वय 51. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात, हातात 48 हजार पडतात. मुलगी यंदा बारावी झाली. हुतात्मा स्मृती मंदिरात तिची एकांकिका बघताना ‘शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूस डोळे पुसत होता’, असं त्यांनी लिहिलंय. तिला मुंबईतल्या एका खासगी संस्थेत नाट्यशास्त्राची तीन वर्षांची पदवी करायची आहे. राहण्या-जेवणासकट वर्षाला साडेचार लाख. एक फायनान्स कंपनी घर तारण ठेवून 12 टक्क्यांनी साडेतेरा लाख द्यायला तयार आहे. त्यांचा प्रश्न एवढाच, की नाटकाच्या कमाईतून हे फिटेल का?

नाही फिटणार. त्याच्याकडे येतोच. पण पत्राच्या अगदी तळाशी दोन ओळी आहेत: ‘कर्जफेडीची सोय व्हावी म्हणून कंपनीच्याच माणसाच्या सांगण्यावरून वर्षाला 1 लाख 20 हजारांची पॉलिसी काढली आहे. दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी 18 लाख मिळतील. बाँड तीन आठवड्यांपूर्वी घरी आला.’

अहो, पत्राची सुरुवात इथून करायची होती! बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. त्याला फ्री लुक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकीचा हप्ता परत मिळतो. म्हणून हे उत्तर छापून यायची वाट न बघता तुम्हाला त्याच दिवशी फोन केला. आता बाकीच्यांसाठी सविस्तर.

साडेतेरा लाख एकदम मिळत नाहीत, दर वर्षी साडेचार लाख असे सुटतात. शिक्षणाची तीन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतच असतं. साध्या व्याजानेसुद्धा चार वर्षांत पावणेपाच लाखांच्या वर जातं. म्हणजे हप्ते सुरू होतील तेव्हा कर्ज असेल सव्वाअठरा लाखांच्या पुढे. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला 26 हजारांहून जास्त. चार अधिक दहा, म्हणजे चौदाव्या वर्षी कर्ज संपलं. तुमची पॉलिसी पैसे देणार पंधराव्या वर्षी! वरात निघून गेल्यावर बँडवाले आले, तसली ही सोय. त्या माणसाला एवढी बेरीज येत नव्हती, असं मी मानत नाही.

आणि 18 लाख म्हणजे तरी किती? 12 लाख भरून पंधरा वर्षांनी 18 लाख, म्हणजे परतावा वर्षाला 4 टक्के. एका हाताने 12 टक्क्यांनी पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने 4 टक्क्यांनी ठेवायचे. ‘टॅक्स वाचेल’ असंही सांगितलं म्हणे. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करच लागत नाही, तुमचं वर्षाचं पावणेसहा लाख. कुठला टॅक्स वाचवताय? विमा म्हणाल, तर बाँडवर 12 लाखांचं संरक्षण छापलंय. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर 12 लाखांत सव्वाअठरा लाख कसे फिटणार, आणि घर तर तारण आहे. विमा हवाच असेल तर साधा टर्म प्लॅन घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. जगलात तर त्यात परत काही मिळत नाही, आणि म्हणूनच तो कोणी तुमच्या गळ्यात मारायला येत नाही.

आता नाटक. रंगभूमीवर पगार नसतो, नाईट असते, प्रयोगागणिक. नव्या मुलीला प्रयोगाला दीड हजार नाईट धरा आणि महिन्याला बारा प्रयोग धरा (मिळत नाहीत, तरी धरा). झाले 18 हजार. मुंबईत खोलीचं भाडं देऊन त्यातून 26 हजारांचा हप्ता कसा भरायचा, ते तुम्हीच सांगा. तुम्ही हिशेबनीस आहात. ‘मालिका मिळाली की’ असंही तुम्ही लिहिलंय. मिळो बापडी. पण मालिकेचं मानधनही हातात यायला तीन-तीन महिने लागतात, हप्ता मात्र दर महिन्याच्या 5 तारखेला. शेवटी तो भरणार तुम्हीच. 55 व्या वर्षी सुरू होऊन 65 व्या वर्षी संपेल, आणि 58 ला तुम्ही निवृत्त.

याचा अर्थ पोरीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असा नाही. तिने नाटकच शिकावं, पण एवढं महाग नको. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे बारावीनंतर नाटकाची पदवी होते. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तर निवडलेल्यांना विद्यावेतन देतं. जागा थोड्या, निवड कडक. पुण्यात राहण्या-खाण्याला महिन्याला 12 हजार लागले, तरी तीन वर्षांचे सव्वाचार लाखांच्या आसपास. मुंबईच्या संस्थेचं एक वर्ष यापेक्षा महाग आहे. पॉलिसीचे महिन्याचे 10 हजार सुटले की यातलं बहुतेक पगारातूनच भागतं. उरलेल्यासाठी सरकारी बँकेत जा. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला त्या घर मागत नाहीत.

निवड झाली नाही तर? मग सोलापुरातच बीए करत हुतात्मात आणखी तीन वर्षं कामं करू दे. दिल्लीला अर्ज करतानाही पदवी आणि नाटकांचा अनुभव विचारतातच.

आता पॉलिसी. बाँड ज्या पाकिटातून आला ते पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख लागेल. ई-मेलने आला असेल तर त्या मेलची तारीख. विमा कंपनीच्या शाखेत अर्ज द्या, प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. तो माणूस फोन करून म्हणेल, ‘साहेब, पॉलिसी मोडली तर लोन अडकेल.’ त्याला म्हणावं, हे लेटरहेडवर लिहून दे.