प्रश्न आधी पोचव

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या मंडळाच्या बैठकीला न चुकता येणारी ती दोघं तोंडच उघडत नाहीत, म्हणून त्यातल्या एकीला 'खुलवायला' गणपतीत सूत्रसंचालन द्यायचं तुझ्या मनात आहे. तेवढं करू नकोस. ती नाही म्हणणार नाही, पण पुढच्या वर्षी बहुधा येणारही नाही.

प्रश्न आधी पोचव. बैठकीच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर तीन प्रश्न टाक, चौथा नको. 'सजावट' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'मखर डावीकडे सरकवलं तर दर्शनाची रांग कुठून वळवायची?' असं विचार. अंतर्मुख माणूस यावर घरी शांतपणे विचार करतो आणि पक्कं मत घेऊन येतो. ऐनवेळी विचारलंस तर 'चालेल' एवढंच ऐकू येईल.

बैठकीत पहिली ५ मिनिटं सगळ्यांनी फक्त लिहायचं. चिठ्ठीवर नाव नको, वाचायचं एकीनेच. इथे हमखास माशी शिंकते: कोणीतरी ओरडतं, 'अरे, हे अक्षर तर याचं!' तिथल्या तिथे थांबव, हसण्यावारी नेऊ नकोस. आणि ही मुखदुर्बळांना दिलेली सवलत नाही, हे बोलक्यांना सांग. १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात चौघं वेगवेगळी बसली तेव्हा त्यांना एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, तेवढ्यात सुचलेलं निसटतं.

तोंडी विचारलंस तर मनात ३ सेकंद मोज. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत पाहिलं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात. ते ३ सेकंद थांबू लागले तशी उत्तरं लांबली, मागे राहणारी मुलंही बोलू लागली. तुला ते ३ सेकंद जड जातील. जाऊ देत! बैठकीनंतर दुसऱ्या रात्रीपर्यंत आलेलं मतही इतिवृत्तात घे.

शाल-श्रीफळ देऊन मंचावर उभं करणं म्हणजे कौतुक, असं समजू नकोस. 'तू पावतीपुस्तकं पुन्हा तपासलीस म्हणून वर्गणीतला फरक सापडला,' हे एक वाक्य त्याच दिवशी, त्या गप्प माणसाला एकट्याला सांग. बैठकीत त्याची सूचना घेतलीस तर नाव घे आणि पुढे चल. मात्र गप्प आहे म्हणून हिशोब आणि सामानाची खोली कायम त्याच्याच गळ्यात मारणं मला अजिबात खपत नाही. कार्यक्रम कुठला ठेवायचा, यावरही त्याचं मत असतं. विचारलंस का कधी? प्रश्न आधी पोचव, मग कळेल.

नवरात्रात गरब्याला कोणाचा हात धरून ओढू नकोस. 'मध्यंतरापर्यंत ये, मग निघालीस तरी चालेल,' एवढं म्हण. पण माणसांत यायच्या विचारानेच कोणाची छाती धडधडत असेल, येणंच बंद झालं असेल, तर तो स्वभाव नव्हे, भीती आहे. तिथे चिठ्ठ्या पुरत नाहीत, समुपदेशकाकडे जायला सुचव.

बैठका लांबतात, अशी कुरकुर होईल. माझ्याकडेही होते, आणि तरी मी पद्धत बदलत नाही. घाईत बोलक्यांनी ठरवलेलं काम चतुर्थीच्या आदल्या रात्री पुन्हा करावं लागतं, त्याचा वेळ कुणी मोजत नाही.

रविवारी बैठक आहे ना? शुक्रवारी रात्री तीन प्रश्न मला पाठव. विषय लिहिलेस तर परत पाठवीन.